अव्वाचं मागणं

आमचा चिरमुऱ्याचा धंदा. कसबा बावड्यात घर, घरामागं भट्टी, आणि लक्ष्मीपुरीत दुकान. ज्यांनी चिरमुऱ्याचं पोतं कधी उचललेलं नाही त्यांना सांगते, ते दिसायला माणसाएवढं असतं आणि वजनाला अगदीच फुसकं. मी परकरात असताना असली पोती डोक्यावर घेऊन भट्टीपासून रस्त्यापर्यंत पळायची. त्यामुळं माझा धाकटा भाऊ, चोवीस वर्षांचा गडी, एक दिवस असलं पोतं टेम्पोत टाकता टाकता मधेच खाली ठेवून पायरीवर बसला, तेव्हा मला काळजी वाटली नाही. राग आला.

"काय रं, नवरदेव हाईस काय बसून ऱ्हायला?" मी म्हटलं.

"दम लागला, अक्का."

"चिरमुऱ्यानं?"

मी हसले. तोही हसला. त्याचं ते हसणं कोरडं होतं आणि ओठ निळसर दिसत होते, हे मला नंतर आठवलं. मी गारगोटीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. दरवर्षी फळ्यावर लाल आणि निळ्या खडूनं हृदयाचे चार कप्पे काढून पोरांना घोकायला लावायची. घरातल्या पायरीवर बसलेलं हृदय मात्र मला ओळखता आलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो असा.

भावाला आम्ही तम्मा म्हणायचो. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. आमची आई निपाणीच्या पलीकडची, तिच्या तोंडात मराठीएवढीच कानडी. म्हणून आमच्या लिंगायताच्या घरात आई ती अव्वा, वडील ते अप्पा, मी अक्का आणि तो तम्मा.

तम्माला शेवटी मीच दवाखान्यात नेलं. आठ दिवस त्याची टिंगल करून झाल्यावर नेलं. डॉक्टरांनी छातीवर मशीन फिरवून हृदय बघितलं आणि मग खुर्ची ओढून विचारायला लागले.

"वडील आहेत?"

"नाहीत. बेचाळिसाव्या वर्षी गेले."

"कशानं?"

"भट्टीच्या धुरानं," मी म्हटलं. अप्पा भट्टीपुढंच कोसळले होते. ते गेल्यावर आम्ही धुराडं चांगलं चार हात उंच करून घेतलं होतं.

"चुलते?"

"ऊन लागून गेले."

"आजोबा?"

"विहिरीत पोहताना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. तेव्हा मला माझंच बोलणं ऐकू आलं. आमच्या घरातल्या प्रत्येक मरणाला आम्ही एक वेगळं कारण चिकटवून ठेवलं होतं आणि त्याप्रमाणं उपायही करत आलो होतो. धुराडं उंच केलं, पुरुषांना भर उन्हात पाठवायचं बंद केलं, विहिरीवर झाकण घातलं. या सगळ्यांची छाती एकच होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा स्नायूच कच्चा असतो. जुनं इलॅस्टिक कसं सैल पडतं, तसं हृदय वर्षावर्षानं सैल पडून फुगत जातं आणि रक्त ढकलायची ताकद राहत नाही. घराण्यातून येतं. कुणात उतरतं, कुणात नाही. तुम्हीही तपासून घ्या.

माझं हृदय ठणठणीत निघालं. रिपोर्ट घेऊन मी रिक्षात बसले आणि मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, आधी आनंदच झाला. लाज नंतर वाटली, दसरा चौकापाशी. आजाराची बातमी नातलगांत पसरली आणि मला येणारी स्थळं बंद झाली. तशीही फार येत नव्हती, माझ्या जिभेची कीर्ती आजाराच्या आधीच सगळीकडं पोचली होती.

चार वर्षं गोळ्यांवर गेली. तम्मा दुकानात बसायचा, गिऱ्हाइकांशी क्रिकेटवर भांडायचा आणि मधेच गप्प होऊन श्वास मोजायचा. मग पाय सुजायला लागले. आडवं झालं की जीव घाबरायचा, म्हणून भिंतीला उशा लावून तो बसूनच झोपायचा. तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं आणि सांगितलं की आता औषधात काही उरलेलं नाही, हृदयच बदलावं लागेल. मद्रासला होतं. गावाचं नाव बदलून चेन्नई झालं होतं, पण बावड्यात सगळे मद्रासच म्हणायचे. तिथं जाऊन राहायचं, नाव नोंदवायचं आणि वाट बघायची. नाही केलं तर वर्ष निघेल असं त्यांना वाटत नव्हतं.

बाहेर आल्यावर तम्मा म्हणाला, "अव्वा व्हय म्हणाली तर जातो. न्हाय म्हणाली तर हितंच ऱ्हातो."

आता अव्वाबद्दल सांगायला हवं. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात लिंग असतं. बाईच्या, पुरुषाच्या, लेकराच्यासुद्धा. चांदीच्या छोट्या करंड्यात ठेवून दोऱ्यात ओवलेलं, बरोब्बर छातीवर येणारं. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घालायचं नाही, आणि जिवंत असेपर्यंत ते अंगावेगळं करायचं नाही. बाहेरचं लिंग हे आतल्याचंच रूप, आणि आतलं राहतं हृदयात, असं अव्वाला तिच्या आईनं शिकवलेलं. या बाईला जाऊन सांगायचं, की तुझ्या पोराचं हृदय काढून टाकायचं आहे आणि तिथं एका मेलेल्या माणसाचं बसवायचं आहे.

मी घरातली शिकलेली. मी ठरवलं, सांगायचं नाही.

"हृदयाला नवा स्नायू लावायचं ऑपरेशन हाय," मी तिला म्हटलं. "परदेशातनं मागवत्यात. रांग मोठी हाय. नंबर लागला की बोलवत्यात."

अव्वानं एवढंच विचारलं, "दुखंल का त्याला?"

"भूल देत्यात."

"मग जाऊया की," ती म्हणाली आणि ज्वारी दळून आणायला निघाली, कारण मद्रासला पीठ मिळणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तम्मा माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही. घरामागची मोकळी जागा विकली, शाळेत बिनपगारी रजा टाकली आणि मिरजेहून गाडी धरली.

हॉस्पिटलमागच्या गल्लीत आम्ही एक खोली घेतली. खाली घरमालकांकडं फोन होता. फोन आला की दोन तासांत हजर व्हायचं, एवढीच अट. तम्माला दिवसाला एक लिटरच पाणी चालायचं, म्हणून अव्वा सकाळी तांब्याभर पाणी मोजून ठेवायची आणि त्यातूनच दिवसभर फुलपात्र फुलपात्र द्यायची. त्या उकाड्यात त्याच्यासमोर पाणी पिणं नको म्हणून ती स्वतः जिन्यात जाऊन प्यायची. मीठ नसलेली आमटी तो नाक मुरडून खायचा आणि म्हणायचा, "अव्वा, बरा झालो की पैल्यांदा मिसळ. कट वाडग्यानं पिनार."

सकाळी अव्वा पूजेला बसायची. आमच्या कोल्हापुरात हळू बोलणारा माणूस आजारी समजतात, आणि अव्वा देवाशीही नेहमीच्याच आवाजात बोलायची. लिंग तळहातावर घेऊन, त्यावर विभूती लावून, डोळे उघडे ठेवून ती म्हणायची, "शिवा, माझ्या तम्माचा नंबर लाव. लवकर लाव. आज लाव."

दहा बाय दहाची खोली. ऐकू न येऊन जाणार कुठं?   तम्मा डोक्यावरून चादर ओढून घ्यायचा. एकदा ती भाजी आणायला गेल्यावर तो मला म्हणाला, "अक्का, थांबीव तिला."

"काय सांगून थांबवू?"

"खरं सांग."

"तू सांग की. तुझी बी आईच हाय."

त्यानं चादर परत डोक्यावर घेतली.  मला वाटायचं, आणखी थोडे दिवस, एकदा ऑपरेशन झालं की मग निवांत सांगता येईल. रोज सकाळी ती आज लाव म्हणायची आणि मी गॅसवर चहा ठेवायची.

मी एक हिशेब चुकले होते. मला वाटलं होतं, मद्रासमध्ये अव्वाशी कोण बोलणार? तिला हिंदी येत नाही, इंग्रजी येत नाही, तमीळ तर नाहीच. जे कळेल ते माझ्या तोंडून कळेल. तिच्या तोंडात कानडी आहे हे मी जन्मभर ऐकत आले होते, पण मी स्वतः बावड्यात वाढलेली, माझी कानडी अव्वा-अप्पापुरती. ती भाषा मद्रासमध्ये उपयोगी पडेल हे माझ्या शहाण्या डोक्यात आलंच नाही. हॉस्पिटलात फरशी पुसणारी एक बाई होसूरकडची होती, घरी कानडी बोलणारी. आम्ही तपासणीला आत गेलो की अव्वा बाहेर बाकावर बसायची, आणि चार-पाच आठवड्यांत त्या दोघी मावसबहिणी असल्यासारख्या एकमेकींना सुपारी द्यायला लागल्या.

एका बुधवारी आम्ही तपासणीहून खोलीवर आलो. अव्वा कॉटवर बसली. पदर नीट केला आणि मला विचारलं, "कुनाचं तरी पोरगं मेल्याबिगर तम्माचा नंबर लागत न्हाय. खरं?"

मी भिंतीकडं बघितलं. भिंतीवर घरमालकाचं कॅलेंडर होतं.

"व्हय," मी म्हटलं.

"त्याचं हृदय काढून याला बसिवत्यात."

"व्हय."

 ती म्हणाली, "आनि मी रोज काय म्हनत हुतो?" आमच्याकडं बायकाही अशाच बोलतात, मी गेलो, मी आलो. "लिंग हातात घिऊन रोज म्हनालो, आज लाव. आज लाव म्हनालो. कुनाच्या तरी पोराला आज ने म्हनत हुतो मी. दोन म्हैनं."

मी शिकवायला लागले. मास्तरीणच मी. म्हटलं, "अव्वा, तुझ्या म्हणण्यानं कोन मरत न्हाय. अपघात व्हायचा तो हुतोयच."

"ते मला बी कळतंय," ती म्हणाली. "मी काय येडी न्हवं. पन मागनारी मी हुतो का न्हाय?"

मी पुन्हा कॅलेंडरकडं बघितलं.

"खोटं सांगितलंस ते एक वेळ ऱ्हाऊ दे," अव्वा म्हणाली. "मला वाईट वाटू नये म्हनून सांगितलंस. पन माझ्या तोंडनं तू ह्ये वदवून घेतलंस. ते कुठं ठेवू मी?"

ती रडली नाही. मी रडले, आणि तिनं मला गप्प केलं नाही. लहानपणापासून मी रडले की अव्वा आधी दोन शिव्या द्यायची आणि मग जवळ घ्यायची. त्या दिवशी शिव्यासुद्धा दिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूजेला बसली. लिंग तळहातावर घेतलं, विभूती लावली, आणि बघत राहिली. तोंडातून शब्द नाही. अव्वाची शांतता मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. पूजा झाल्यावर तम्मा म्हणाला, "अव्वा, चल घरला जाऊया. मला बी नगं असलं."

मला वाटलं, संपलं. ती हो म्हणणार, आम्ही मिरजेची गाडी धरणार, आणि वर्षाच्या आत भाऊ जाणार, आणि तेही माझ्या खोट्यापायी. 

अव्वानं त्याच्या कपाळाला विभूती लावली. "आता मागायचं न्हाय," ती म्हणाली. "पन कुनी आपल्या हातानं दिलं, तर न्हाय म्हनायचं न्हाय. देनाऱ्याचा हात तसाच परत लावू नये, बाळ."

माझ्याशी ती त्यानंतर एकोणीस दिवस बोलली नाही. दहा बाय दहाच्या खोलीत न बोलणं ही काय कसरत असते ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. "तम्मा, अक्काला म्हनावं भात झालाय." अक्का हातभर अंतरावर ताट घेऊन बसलेली. तम्मा मान वळवून गंभीरपणे मला सांगायचा, "अक्का, भात झालाय," आणि मग त्याला हसू आवरायचं नाही आणि हसल्यामुळं धाप लागायची. मग आम्ही दोघी एकदम त्याच्या पाठीवरून हात फिरवायला धावायचो. तेवढ्यापुरते आमचे हात एकमेकींना लागायचे.

विसाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला फोन आला.

मोटारसायकलवरून पडलेला एक तरुण होता. त्याचा मेंदू मेला होता आणि घरच्यांनी संमती दिली होती. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं. याहून जास्त सांगायचा नियम नाही म्हणाले. मी ते अव्वाला जसंच्या तसं मराठीत सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. तेव्हा ती माझ्याशी बोलली.

"आई हाय का त्याला? इचार."

मी विचारलं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली, तेही सांगता येत नाही म्हणाले. त्या क्षणी मला फार वाटलं की सांगावं, नाही त्याला कोणी, एकटाच होता. जीभ वळलीही होती.

"सांगत न्हाईत, अव्वा," मी म्हटलं.

"असंल," ती म्हणाली.

आत न्यायच्या आधी नर्सनं तम्माच्या अंगावरचं सगळं उतरवायला सांगितलं. कपडे, घड्याळ, कडं. मग तिनं गळ्यातल्या करंड्याकडं बोट केलं. तो जिथं लटकत होता, नेमकं तिथंच चिरायचं होतं. तम्मानं करंडा मुठीत धरला. "ह्ये न्हाय," तो म्हणाला. नर्स तमिळमध्ये काहीतरी समजावत होती. मी तिला इंग्रजीत समजावत होते. दंडाला बांधू का, पायाला बांधू का, मी विचारत होते, आणि ती घड्याळ दाखवत होती. तम्माचे डोळे भरले. सगळ्या आजारात तो तोपर्यंत घाबरलेला मला दिसला नव्हता.

अव्वा पुढं झाली. तिनं त्याची मूठ अलगद सोडवली, दोरा त्याच्या डोक्यावरून काढला आणि आपल्या गळ्यात घातला. तिच्या स्वतःच्या करंड्याशेजारी तो दुसरा जाऊन बसला.

आमच्यात बाई गरोदर असली की आठव्या महिन्यात स्वामी घरी येतात आणि पोटातल्या लेकरासाठी एक लिंग तिच्या अंगावर बांधून जातात. तेवढे दिवस ती दोन वागवते. बाळ जन्मलं की त्याचं त्याला.

"पोटात हुतास तवा बी दोन घालून हिंडलोय मी," अव्वा त्याला म्हणाली. "जा. तू भाईर आलास की तुझं तुला."

तो गेला. आम्ही बाकावर बसलो. तासाभरानं दोन माणसं एक डबा घेऊन आमच्यापुढून जवळजवळ पळत गेली. लग्नात आइस्क्रीम आणतात तसला निळ्या झाकणाचा डबा होता तो. मला कळायच्या आत अव्वा उठून उभी राहिली होती. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि दार बंद होईपर्यंत हात जोडून उभी राहिली. मग खाली बसली आणि माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. सूर्य मावळायच्या वेळेला डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, बसवल्यावर आपलं आपण चालू झालं, धक्का द्यावा लागला नाही.

मी ते अव्वाला सांगितलं. ती म्हणाली, "शानं लेकरू." कुणाला म्हणाली ते मी विचारलं नाही.

सहा महिन्यांनी आम्ही बावड्यात परत आलो. अंगाला हे हृदय परकं वाटतं, ते त्याला बाहेर काढू बघतं, म्हणून जन्मभर गोळ्या घ्यायच्या आणि एकही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे अव्वाला समजावताना मला वाटलं होतं की जड जाईल. तिला एका वाक्यात समजलं. "पावनं आल्यात घरी," ती म्हणाली. "घरच्यांनी जरा दमानं घ्याय पायजे." तेव्हापासून ती सकाळी तम्माला गोळ्या देताना विचारायची, "पावनं बरं हायत का?" आणि तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "झकास हायत." गल्लीतली माणसं हसायची. हसू देत.

तम्मा तर टवाळच. एकदा जेवता जेवता म्हणाला, "अव्वा, पावनं मासं खानारं असनार बघ. मला वास आला की तोंडाला पानी सुटतंय." आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. मी अव्वाच्या तोंडाकडं बघत बसले. तिनं खूप विचार केला. "त्येला आवडत असंल तर भाईर जाऊन खा," ती म्हणाली. "घरात आनू नगंस." तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि तो ठसका साधा ठसका होता. खाल्लं त्यानं कधी नाही. पण परवानगी मिळाली होती, हे तो सगळ्यांना सांगत सुटायचा.

तो स्कूटर चालवायला लागला. दुकान परत सांभाळायला लागला. एकदा मी गारगोटीहून आले तर रस्त्यात टेम्पो उभा आणि हा दोन्ही खांद्यांवर दोन पोती घेऊन मला दाखवायला थांबलेला. मी त्याला रस्त्यावरच शिव्या घातल्या आणि घरात जाऊन रडले.

अव्वानं मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. ती पहिल्यासारखी बोलायची, पहिल्यासारख्या शिव्या द्यायची. फक्त काही सांगितलं की एकदा माझ्या डोळ्यांत बघून घ्यायची. त्याची मला सवय झाली.

तिची पूजा मात्र लांबली होती. आवाजही परत आला होता, पण आता ती कानडीत बोलायची. मला तुकडे तुकडे कळायचे. एका रविवारी मी दारात बसून नीट ऐकलं. ती म्हणत होती, आज याला सर्दी आहे पण ताप नाही. काल बाजारात चालत गेला, चालतच आला. दूध पितो. रागीट झालाय जरा, पण तो आधीपासूनच.

पूजा झाल्यावर मी विचारलं, "देवाला हे सगळं कशाला सांगतीस? त्याला ठावं नसतंय काय?"

"देवाला न्हाय. तिला सांगतो."

"कुनाला?"

"त्याच्या आईला. कोन सांगनार तिला, सांग? तिला मराठी कुठलं कळतंय, म्हनून कानडीत सांगतो. जवळ पडंल जरा."

मद्रासच्या त्या बाईला कानडी तरी कुठली कळणार, हे माझ्या ओठावर आलं होतं. विज्ञानाची शिक्षिका गप्प बसली. त्यानंतर सात वर्षं रोज सकाळी अव्वा त्या बाईला हकिकत सांगत आली. तम्मानं मिसळ खाल्ली, तम्माचं वजन वाढलं, तम्मानं मॅच बघून टीव्हीवर चप्पल मारली.

सात वर्षांनी त्या हृदयाच्या रक्तवाहिन्या बारीक होत गेल्या. असं होतं काही जणांना, डॉक्टर म्हणाले. फार दिवस लागले नाहीत. एका दुपारी दुकानातून आला, अव्वाच्या मांडीवर डोकं ठेवून पडला, आणि तसाच गेला. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. त्याला बसवून, त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातात देऊन आम्ही माती दिली. त्याच्याबरोबर त्या दुसऱ्या पोरालाही बावड्याची माती मिळाली. अव्वानं मूठ टाकताना दोनदा टाकली.

आमच्यात सुतक धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा अंघोळ करून पूजेला बसली. मी भिंतीला टेकून बसले होते. तिनं लिंग तळहातावर घेतलं, विभूती लावली.  मला वाटलं, आता ती बोलणार नाही, जशी मद्रासला बोलली नव्हती. मग ती कानडीत बोलायला लागली, नेहमीच्याच आवाजात. तेवढ्या वर्षांत मला ती भाषा कळायला लागली होती.

आज जरा दमलाय, ती म्हणत होती. आत पडलाय. तसं बरं आहे सगळं. काळजी करू नको.

"अव्वा," मी म्हटलं. 

तिनं मागं वळून बघितलं नाही.

"तिनं एकदा ऐकलंय की," ती म्हणाली. "आनिक किती डाव ऐकवायचं?"